चार बोल्टांची खुर्ची

प्रिय ठमाबाई,

फोन न करता पत्र पाठवतोय म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, मी तुला तोडतो, मग आई फोन काढून घेते आणि मूळ विषय राहतो बाजूला. पत्रात मला कोणी तोडू शकत नाही. शेजारचा वायरमन उद्या तिकडेच निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तर आत्याने मला सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून तू तिच्याकडेच उतरलीस. दंतवैद्यांचं संमेलन आहे असं मला सांगून गेलीस ती मुलाखतीला गेलीस, सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तुझी निवड झाली, आणि आता तू त्यांना नकार कळवणार आहेस, कारण काय, तर बाबांनी क्लिनिक उभं केलंय, ते टाकून कसं जाऊ. शुक्रवारपर्यंत त्यांना उत्तर हवंय हेही कळलं. आत्या मला जपून जपून सांगत होती. मध्येच म्हणाली, दादा, बसलायस ना? बसलोच होतो, तुझ्याच क्लिनिकमधल्या पेशंटच्या खुर्चीत, पेडलचा वायसर बदलून नुकता टेकलो होतो. मला राग यायला हवा होता. आला नाही. दिवसभर घट्ट बूट घालून फिरल्यावर घरी येऊन ते काढावेत, तसं वाटलं.

मुलाखतीत तू काय काय बोललीस तेही तिने वदवून घेतलंय. चांगली दंतवैद्य असून हे का सोडतेस असं त्यांनी विचारल्यावर तू म्हणालीस, एकाचं तोंड उघडून बघताना माझ्या मनात येतं की याच्या घरी पाणी कुठून येतं. उत्तर झकास आहे. माझ्याबद्दल मात्र 'वडील दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करतात, कुठे शिकलेले नाहीत' असं म्हणालीस, ते सुधारून घे. मी शिकलोय. कोणी शिकवलं नाही, एवढंच. पहिली खुर्ची उघडली तेव्हा तेल छतापर्यंत उडालं होतं आणि डॉक्टरांनी मला हाकलून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं, कारण ती परत जोडायला दुसरं कोणी तयार नव्हतं. याला शिक्षण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तुझी खुर्ची मी कशी बसवली ते तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहायला मला आवडतं. फरशीला उतार होता, तो डोळ्यांना दिसत नव्हता, पण लेव्हलच्या नळीतला बुडबुडा खोटं बोलत नाही. एका कोपऱ्याखाली जस्ताचा पातळ पत्रा घातला, चार बोल्ट जमिनीत पुरले, आणि वर पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला ठेवून खुर्ची वर-खाली केली. थेंब सांडला नाही. कॉम्प्रेसर बाहेरच्या पेटीत टाकून आतून जाड फोम लावला, पेशंटला घरघर ऐकू येऊ नये म्हणून. तू म्हणालीस, बाबा, एवढं शांत आहे की मला माझाच श्वास ऐकू येतो. मी ती शाबासकी समजलो.

मग ती टेकडीमागच्या वस्तीतली शिंपीणबाई आली, दातांवरचे तपकिरी डाग घालवून द्या म्हणत. मी दिव्याचा हात घट्ट करत होतो. बाईचं तोंड उघडं आणि तुझे प्रश्न पाण्याचे. लहानपणी कुठलं पाणी प्यायलात, बोअर किती खोल, शेजारच्या मुलांचे दात कसे आहेत. ती बिचारी आ वासून हूं हूं करत होती. मला वाटलं, ही पोर गिऱ्हाईक घालवणार. बाई गेल्यावर तुला बोललोही, की दात बघायचे सोडून विहिरी काय मोजतेस. तू म्हणालीस, बाबा, हिचे डाग घासून थोडे फिके होतील, पण हिच्या भाचीला ते पडूच नयेत असं काही करता येईल ना. मी म्हटलं, भाचीला घेऊन ये, तिचेही घासू. तू हसलीस. तुला तो विनोद वाटला, मी मात्र अगदी मनापासून म्हटलं होतं.

त्यानंतर तू मला पाण्याच्या बाटल्यांसाठी फळी करायला लावलीस. प्रत्येक भोक बाटलीच्या मानेला नेमकं बसेल असं मी ड्रिलने पाडलं, आणि तू दारोदार फिरून बाटल्या भरून आणल्यास. तपासणीत टेकडीमागच्या दोन बोअरांत दातांवर डाग पाडणारं फ्लोराइड जास्त निघालं. ते पाणी कोणी पिऊ नये म्हणून आरोग्य खात्याने हापशांवर लाल रंग मारला, वस्तीला तलावाची लाइन जोडून मिळाली. त्या दिवशी तू जेवताना भात दोनदा घेतलास आणि आईच्या ताटातला पापडही उचललास. कितीही अवघड दात काढलास तरी तू कधी इतकी जेवली नव्हतीस. मी पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं आणि अर्थ लागणं वेगळं.

कारण तुझा चेहरा उतरला की मी क्लिनिकमध्ये एक वस्तू वाढवायचो. नवा दिवा, पाठीला आधाराची स्टुलं, थुंकायच्या भांड्याला आपोआप पाणी सोडणारी तोटी. मला वाटायचं, पोरीला काहीतरी कमी पडतंय. तुला वाटायचं, बाबांची हौस आहे, मोडू नये. तू दर वेळी खूप छान झालंय म्हणायचीस, आणि मी आणखी एक स्क्रू आवळायचो. आपण दोघं एकमेकांना खूश ठेवत त्या खोलीत कोंडून बसलो होतो. आईला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. काल बोलली, खुर्चीला तेल घालता तेवढा वेळ पोरीच्या तोंडाकडे बघितलं असतंत तर. मी म्हटलं, मग तू का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुम्हाला कोणी सांगितलेलं कळतं कधी? तुम्ही स्वतः शिकलेले ना. मी पिशवी उचलली आणि भाजी आणायला गेलो.

आता मुद्द्यावर येतो. हे पत्र एवढ्यासाठी, की आत्याच्या आधी तुला माझ्याकडून कळावं. काल मी खुर्ची काढली. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू राहू दे बाबा म्हणाली असतीस, आणि मी राहू दिली असती. तुझ्या वर्गातली ती डावखुरी पुलापलीकडे दवाखाना थाटतेय ना, तिला दिली. ड्रिलचा हात आता उजवीकडून डावीकडे घ्यावा लागेल, सगळ्या नळ्या उलट्या फिरवायच्या, दोन दिवसांचं मजेचं काम आहे. तिने बसून पाहिलं आणि पेडल दाबून तीनदा वर-खाली झाली, तेव्हाच ओळखलं की योग्य हातात गेली. इथले चारही बोल्ट फरशीच्या पातळीला कापले, भोकं सिमेंटने बुजवली. खोलीत माझी हत्यारं येतील, म्हणजे आईला ओट्यावर पाने-पकडी दिसणार नाहीत, तीही सुटली. तेव्हा परत येऊन क्लिनिक सांभाळायचं हे कारण आता तुझ्याकडे उरलेलं नाही. घर आहे, तुझी खोली आहे, खुर्ची तेवढी नाही. शुक्रवारची वाट बघू नकोस. हे वाचून झालं की त्यांना हो कळव, मग जेव.

तुझाच, कोणी न शिकवलेला पण शिकलेला,
बाबा