शर्टाबद्दल कोणी पुसलंच नाही

११ जून
नागपूरले गेली, हायकोर्टातल्या नव्या वकील मॅडमकडे. वाशिमच्या कोर्टानं ह्यायले जन्मठेप दिली, त्याचे सगळे कागद त्यायनं वाचले. पयला सवाल, "नवऱ्याचा शर्ट कोणी धुतला?"
म्हटलं, सासूनं. ज्यायच्या खुनाचा आळ आला ते नामदेवभाऊ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, रक्तात पडेल दिसले. हे धावत गेले, उचलून जीपमधी टाकलं. शेलूबाजारच्या दवाखान्यात पोचाच्या आधी ह्यायच्या मांडीवरच जीव गेला. घरी आले तं बुढीनं फाटकातच थांबवलं. मुर्द्याले शिवला तू, आंघोळ कर, शर्ट बादलीत टाक. आमच्याकडे सगळेच करतात. सरकारी वकिलानं त्याचं 'पुरावा नष्ट केला' करून टाकलं! नामदेवभाऊसंग धुऱ्याचं जुनं भांडण तं होतंच, कारण म्हणून चिकटवाले.
मॅडम म्हणे, "शेवटी जज आरोपीला एकेक मुद्दा विचारतात. शर्टाचा विचारलाच नाही. आणि शिक्षा देताना तोच धरलाय. आपलं अपील त्यावरच."
मंग आमचा वाशिमचा वकील काय माशा मारून राह्यला होता? डोकं फिरलं.

१९ जून
अमरावती जेल. मुलाखत, जाळीतून. पुसलं, तुमी आपल्या मनानं काहून नाही सांगतलं? म्हणे, "वकील म्हणे, पुसन तेवढंच बोल."
तेवढंच बोलले. गरीब गाय! अन् ज्यानं मारलं तो मोकळा फिरून राह्यला.

२ जुलै
डवरणी. शेजारच्या वावरात दिनकरकाका. काकानंच कोर्टात साक्ष देल्ली होती, "म्या पाह्यलं, आल्याबरोबर शर्ट धुतला." खोटं नाही बोलला. काहून धुतला, ते गिळलं. आज मले म्हणे, पाणी बरं हाय यंदा. जळो तुमचं पाणी.
बुढी जेवत नाही. "म्याच फसवलं वं लेकाले." म्हटलं, चूप बसा, तुमी रीत केली. पण खरं लिहिते, कधी कधी मलेही तिचाच राग येते. नसता टाकला बादलीत तं काय आभाळ पडत होतं?

८ ऑगस्ट
हायकोर्ट. मॅडम मुद्द्याचं बोलल्या. सरकारी वकील म्हणे, न विचारल्यानं आरोपीचं नुकसान काय झालं?
नुकसान काय झालं! जेलमधी जाऊन पाह्य ना बाप्पा! उठतच होती, मॅडमनं मागं वळून नुसतं पाह्यलं, बसली.
निकाल राखून ठेवला. म्हणजे कधी? थे कोणालेच माहीत नाही.

२३ ऑगस्ट
बुढी गेली. निकाल आयकाले थांबली नाही. जाताना "शर्ट... शर्ट..." करत होती. माह्या मनातला राग तिले कळला तं नसन?

२४ ऑगस्ट
हे आले. पोलिसायच्या पहाऱ्यात, आईले अग्नी देण्यापुरते.
मसणातून सगळे घरोघरी परतले. ह्यायनं अंगणात आंघोळ केली. अंगातला शर्ट माह्या हातात देल्ला. तेवढ्यात समोर दिसले दिनकरकाका. आपल्या अंगणात, डोक्यावरून पाणी घेऊन राह्यले. सदरा बादलीत.
मी रस्त्यावर जाऊन ओरडली, "काका, नका धुऊ! पुरावा जाते ना!"
काकाचा गडवा हातातच राह्यला. हे मागून म्हणे, "जाऊ दे वं." काहून जाऊ देऊ?
ह्यायचा शर्ट दोन्ही पोलिसायच्या समोर बादलीत टाकला. म्हटलं, लिहून घ्या साहेब. एकानं तोंड फिरवलं. दुसरा हळूच म्हणे, "ताई, आमच्या घरीही असंच करतात."
सगळ्यायच्या घरी करतात. मंग कोर्टात काहून कोणी नाही बोललं?
हे दुसरा शर्ट घालून गाडीत बसले. ओला दोरीवर हाय. निकालाचं अजून काही नाही.