पाहणारीने बोलायचं नसतं

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप थोरल्या जाऊबाईंना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण हल्ली कंबर वाकत नाही आणि सुनावणीच्या दिवसापासून मनही वाकायला तयार नाही. तेव्हा नुसता नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुमचा रक्तदाबही ठीक असेल. ती पांढरी गोळी जेवणाआधी घ्यायची, नंतर नाही. आठवण करायला मी समोर नाही म्हणून लिहून ठेवते.

चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईने पत्र कशाला लिहावं, असं तुम्हाला वाटेल. फोन तुम्ही उचलत नाही. दार वाजवलं तर उघडाल, चहा टाकाल आणि बोलायला लागाल. तुम्ही बोलायला लागलात की मी ऐकत बसते, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तेच चाललंय. तुम्ही मुख्याध्यापिका, मी टेलिफोन एक्स्चेंजमधली, दुसऱ्यांची बोलणी जोडून देणारी. कागदाचं एक बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही.

आधी बातम्या. आपल्या ‘सोबत’ केंद्राचं सरकारी अनुदान बंद करावं, अशी शिफारस सुनावणीनंतर समितीने केली. महिनाअखेरीस फोनवालीची नोकरी जाणार. कोणती जोडी कोणत्या एकट्या म्हाताऱ्याकडे जाणार, कोण आजारी, कोणाच्या जागी कोण, हे सगळं त्या एका मुलीच्या डोक्यात असायचं. तिच्या जागी आता दारावर एक सूचना लागली आहे: ‘इच्छुक ज्येष्ठांनी परस्पर संपर्क साधावा.’ कोणाशी साधावा, ते त्यात लिहिलेलं नाही.

दुसरी बातमी म्हणजे केंद्रात गुडघेदुखीची साथ आली आहे. बसभाडं यापुढे मिळणार नाही असं कळल्यापासून एकेकाचे गुडघे धरायला लागले. पोस्टातून निवृत्त झालेले ते काका, जे तीन मजले चढून वर जाऊन शीळ घालायचे, त्यांचेही. भरतकामवाल्या मावशींचे तर दोन्ही. भाडं परवडत नाही असं कोणी म्हणत नाही, जाऊबाई. म्हणणारही नाही. या वयात माणूस गुडघ्याला दोष देईल, पण खिशाला नाही. आणि ज्यांचे गुडघे मजबूत राहिलेत ते कोण, तर ज्यांच्या दारात गाडी आहे.

मी परवा घड्याळजींकडे जाऊन आले, एकटीच. एकटीने जायचं नाही हा आपलाच नियम, तो मोडला. म्हातारा वाट बघत होता. “दुसऱ्या बाई कुठे?” म्हणाला. मी म्हटलं, “गुडघे.” तो म्हणाला, “अरेरे, शेकायला सांगा.” तेव्हा शेका.

त्यांच्याशी बोलत बसले आणि बाहेर पडल्यावर लक्षात आलं की घरात मी काहीच पाहिलं नाही. चूल पेटली होती का, गोळ्या कमी झाल्या होत्या का, माणूस भिंत धरून चालत होता का, काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर पाहण्याच्या नादात गप्प बसले. तो बिचारा मला म्हणाला, “बाई, रागावलात का?” दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून तर आपण जोडीने जायचो.

केंद्रात पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते आठवतं ना? एकाने बोलायचं, एकाने पाहायचं. बोलणाऱ्याने माणसाच्या डोळ्यांत बघायचं. पाहणाऱ्याने घरभर नजर फिरवायची, पण तोंड उघडायचं नाही आणि आपल्या जोडीदाराकडे बघायचं नाही, कारण तिथे बघण्यात वेळ वाया जातो. तुम्ही हसून म्हणालात, “आपल्याला काय शिकवणार, आपला संसारच या नियमावर चाललाय.” आणि खरंच, कोणाला ठरवावं लागलं नाही कोण बोलणार ते.

घड्याळजींच्या बुटांची गोष्ट तुमच्यामुळेच केंद्रभर झाली. तुम्ही भाज्यांच्या भावावरून त्यांना खुलवत होतात आणि मला दिसलं की त्यांच्या बुटांच्या नाडीला मी मागच्या भेटीत मारलेली गाठ तशीच आहे. माझी गाठ मी ओळखते, दुहेरी असते. माणूस आठवडाभर बूट घालून झोपत होता, कारण वाकता येत नव्हतं आणि सांगायची लाज. पाय सुजून लाकूड झाले होते. त्या दिवशी गेलो नसतो तर डॉक्टर म्हणाले पाय गेला असता. त्यांना नाड्या नसलेले बूट तुम्ही आणलेत. मी हे विसरलेले नाही. तुम्ही वाईट असतात तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

आता सुनावणीचं.

तुमच्याच स्वयंपाकघरात बसून आपण ठरवलं होतं काय बोलायचं ते. बुटांची गोष्ट सांगायची आणि मग स्पष्ट म्हणायचं: हे काम आम्ही फुकट करतो, पण ते घडवून आणणं फुकट होत नाही. बसभाडं लागतं, कोणीतरी फोन करावा लागतो, नवीन माणसाला शिकवावं लागतं, जिन्यात पडलं तर विमा लागतो. सरकारने हा हात काढला तर सेवा हा सुखवस्तू लोकांचा विरंगुळा होईल आणि अर्ध्या शहरातल्या म्हाताऱ्यांकडे कोणी फिरकणार नाही. शेवटचं वाक्य माझं होतं. तुम्ही म्हणालात, “वा, धाकटे, तू तर वक्ता निघालीस.” मी दोन दिवस त्या कौतुकावर होते. या वयातही तुमच्या कौतुकावर मी दोन दिवस काढते, हे तुम्हाला माहीत नसेल.

सभागृहात तुम्ही उभ्या राहिलात आणि मी नेहमीप्रमाणे पाहायला लागले. नियम म्हणजे नियम, तुमच्याकडे बघितलंच नाही. अध्यक्ष घोटभर पाणी प्यायले. डावीकडची बाई नखं बघत होती. बुटांची गोष्ट सुरू झाली तशी तिने मान वर केली. मी मनात म्हटलं, जमलं. चष्मेवाल्या सभासदाने तर डोळे पुसले. आणि मग तुमचा आवाज आला, “आणि हे आम्ही कुठल्या अनुदानासाठी केलं नाही. सेवेला कुबड्या लागत नाहीत. सरकारने हा निधी जिथे खरी गरज आहे तिथे वळवावा. आम्ही पायी जाऊ.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. इतकं सुटल्यासारखं तोंड मी फक्त दवाखान्यातून घरी सोडलेल्या माणसाचं बघितलंय. टाळ्या झाल्या. आपल्या पोस्टवाल्या काकांनीही वाजवल्या, कारण त्यांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. मीही वाजवल्या, जाऊबाई. पुढे ‘पण’ येईल आणि तुम्ही गाडी वळवाल, असं वाटत होतं. तुम्ही खाली बसलात.

माझ्या बुटांच्या गोष्टीने तुम्ही माझाच गळा कापलात, आणि तोही केसाने.

त्या वेळी मागच्या रांगेत, खात्याच्या लोकांत कोण बसलं होतं, ते लिहायचं मी इतका वेळ टाळत आले. तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. आपले साहेब, तुमचा लेक. लहानपणी दोन्ही हात मागे बांधून अंगणात फिरायचा म्हणून मीच त्याला साहेब म्हणायला लागले, आणि तो खरंच खात्यात साहेब झाला. तुम्ही शाळेच्या समारंभाची भाषणं घरात घोकायचात तेव्हा तो पाटावर बसून तुमच्याबरोबर ओठ हलवायचा. आपण किती हसायचो. सुनावणीत तो तसेच ओठ हलवत होता. फरक एवढाच होता की लहानपणी तो तुमच्या मागून यायचा. त्या दिवशी ‘कुबड्या’ हा शब्द त्याच्या ओठांवर आधी आला आणि तुमच्या तोंडून मग.

तेव्हा मला कळलं की ते भाषण तुमचं नव्हतंच.

बाहेर पायऱ्यांवर मी विचारलं, तर तुम्ही नाकारलंही नाही. “हो, त्यानेच लिहून दिलं. खर्चकपातीचा प्रस्ताव त्याचा आहे, तो पडला तर त्याची बढती गेली. मागच्या महिन्यातच ठरलं होतं.” मागच्या महिन्यात! म्हणजे स्वयंपाकघरात माझं वाक्य ऐकून “वा, धाकटे” म्हणालात तेव्हाही तुमच्याकडे दुसरं भाषण तयार होतं. मी म्हटलं, “मला आधी का नाही सांगितलंत?” तुम्ही छत्री उघडलीत आणि म्हणालात, “तुला नाही कळायचं. मूल असतं तर कळलं असतं.”

हे वाक्य या पत्रात यायला नको होतं. दोनदा तसंच पुढे लिहीत गेले आणि दोनदा परत इथे आले.

मूल नाही, ही गोष्ट मला सांगायला कोणी लागत नाही. पण तुम्ही शाळेतून संध्याकाळी यायचात, म्हणून मी एक्स्चेंजमध्ये सकाळची पाळी मागून घेतली होती, ती कोणासाठी? दुपारी फाटकाशी कोण उभं असायचं? गोवर आला तेव्हा तुमची परीक्षांची गडबड होती आणि तो माझ्या मांडीवर होता. मी हे कधी मोजलं नाही. आजही बिल म्हणून लावत नाही. मला वाटायचं की त्या घरात त्याची आई एक आणि काकू एक, आणि दोघींना तो सारखाच कळतो. तुम्ही एका वाक्यात मला फाटकाबाहेर उभं केलंत. अनुदान गेल्याचं दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर मला रडू त्याचं आलं नाही. या वाक्याचं आलं.

मग त्याचा मला फोन आला. म्हणाला, “काकू, घरातलं घरात ठेव.” मी म्हटलं, “बाळ, घड्याळजींचे पाय आपल्या घरातले नाहीत.” त्याने फोन ठेवला. मग मला दिवसभर वाईट वाटत राहिलं की मी त्याला जेवलास का विचारलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची?

तरी करणार आहे. तेच सांगायला बसले होते.

दुसऱ्या वस्त्यांमधल्या जोड्यांनी हरकत घेतली आहे, म्हणून शुक्रवारी समिती पुन्हा बसते आहे. बोलणाऱ्यांत मी माझं नाव दिलं आहे. फोनवालीला आधी खरं वाटेना, म्हणाली, “मावशी, तुम्ही? तुम्ही तर पाहणाऱ्या.” मी म्हटलं, “हो, तर जे पाहिलं ते सांगते.” बुटांची गोष्ट मी पुन्हा सांगणार, तिच्या खऱ्या शेवटासह: त्या दिवशी आम्ही पोचलो ते सरकारी बसभाड्यावर आणि त्या मुलीने फोन करून पाठवलं म्हणून. गुडघ्यांचंही सांगणार. काकांची आणि मावशींची परवानगी मी घेतली आहे. काका म्हणाले, “सांगा. लाज तर गेलीच आहे, निदान उपयोग होऊ दे.”

आणि मागचं भाषण कोणी लिहिलं, तेही सांगणार.

त्याचं काय होईल, याचा विचार मी केलेला नाही असं समजू नका. बढती जाईल. कदाचित जास्तच काही जाईल. त्याच्या गोवराच्या वेळी जशी रात्र रात्र जागले तशीच आताही जागते आहे, आणि हे तुम्हाला कळेल न कळेल, मला पर्वा नाही. पण घड्याळजींसारखी माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे जायला निघालेल्या माणसांना कुंपणानेच खाल्लं, हे जिला दिसलं तीच गप्प बसली तर मग पाहिलं कशाला?

एक वाट अजून मोकळी आहे. शुक्रवारी तुम्ही स्वतः उठा आणि म्हणा, की मागच्या वेळी मी जे बोलले ते माझं नव्हतं. कोणाचं होतं ते सांगू नका. तेवढं पुरेल, मी जागेवरून हलणार नाही आणि त्याचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. सुनावणी सकाळी आहे. गोळी घेऊन, जेवून या.

नाही आलात तर मी बोलेन. नीट जमणार नाही, सवय नाही. मला तुम्ही सगळं झाल्यावर पायऱ्यांवर सांगितलंत. मी तुम्हाला आधी सांगते आहे.

तुमच्या मुलाची
काकू