मागच्या बाजूचा फोटो

८ सप्टेंबर, सोमवार

वाचलं आणि गप्प बसला! काल विचारलं, "भाऊ, अ‍ॅम्प्लिफायर आहे का?" खाली 'वाचलं' असं आलं. आज सकाळी विचारलं, "आहे की गेला?" परत 'वाचलं'. अरे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? माझ्याकडे शिवायला टाकणारी बाई विचारते, "उज्वला, ब्लाउज झाला का गं?" झाला नसेल तर मी सांगते, "नाही झाला, परवा ये." तिला राग येतो. येऊ दे. पण उत्तर तर मिळतं!

जुना माल मोबाईलवर विकायला ठेवायचा, आणि गिऱ्हाईक आलं की दार लावून घ्यायचं. ही कुठली तऱ्हा!

मी सोडणार नाही. कालच्या मीटिंगनंतर तर मुळीच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

मीटिंगचं लिहूनच टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

रविवारी सोसायटीची मीटिंग. मी उठून म्हटलं, अठ्ठावीस तारखेला बायकांचा हादगा आहे, सोसायटीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक द्या. सेक्रेटरी कुलदीपराव म्हणाले, "वहिनी, तो जुलैतच जळाला. ऑफिसात पावसाचं पाणी शिरलं ना. भंगारात दिला." एवढ्यावर थांबावं की नाही? तर वर म्हणतात, "आणि बायकांना माइक कशाला? तुमचा आवाज काय कमी आहे का!" सगळे हसले. हे पण हसले! थोडंसंच, पण मी पाहिलं.

घरी आल्यावर म्हणतात, "जाऊ दे गं." ह्यांचा अख्खा संसार 'जाऊ दे' वर चाललाय. कांदा-बटाटा मार्केटात गोणीवर गोणी पाठीवर घेतील, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की पाय मागे.

आणि तो अ‍ॅम्प्लिफायर आम्हीच दिलेला! आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला. आमची सगळी साताऱ्याकडची माथाडी कुटुंबं, काही दिलं की त्यावर नाव पडतंच. बाकड्याच्या पाठीवर, पंख्याच्या पात्यावर, पातेल्याच्या बुडाला सुद्धा. पण आबांना पुढंपुढं केलेलं कधी आवडलं नाही. म्हणून ह्यांनी नाव मागच्या बाजूला घातलं. स्वतः ब्रश घेऊन, पिवळ्या ऑइलपेंटनं. 'स्मरणार्थ'मधला 'स्म' काही जमेना. दोनदा गिरवला, आणि मग गॅलरीत जाऊन एकटेच बसले.

भंगारात दिला म्हणे. आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही! मी म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?" हे म्हणाले, "वाटून काय करू? जळाला तर जळाला." आणि टीव्ही मोठा केला.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाळाबाईंकडे जाऊन आले. तळमजल्यावर, खिडकीशी बसलेल्या. हादग्याची सगळी गाणी त्यांना पाठ, आमच्यात दुसऱ्या कुणाला अर्धी पण येत नाहीत. दसरा झाला की मुलगा त्यांना गावी नेणार, जावळीला. कायमचंच. म्हणजे हा त्यांचा इथला शेवटचा हादगा.

मागच्या वर्षी त्यांचा आवाज दुसऱ्या रांगेत पोचला नाही. मागच्या पोरींनी कंटाळून मोबाईलवर डीजेची गाणी लावली. बाळाबाई मधेच उठल्या, खिरापत न घेता घरी गेल्या. 

आज म्हणाल्या, "गानी म्या म्हनंन गं. पर ऐकाय कोन हाय?"

मी म्हटलं, "यंदा मागच्या बिल्डिंगीतल्या माणसाला पण ऐकू जाईल." बोलून बसले! आता मागं फिरणं नाही. नवीन घ्यायची आमच्या महिला मंडळाची ऐपत नाही, म्हणून हा जुन्याचा शोध. तो 'वाचलं'वाला विकतोय तो इथल्याच कोपरखैरण्यातला आहे, अगदी आमच्यासारखाच. तेच मॉडेल. त्याची बटणं मला डोळे झाकून येतात. सोमवारपासून अजून उत्तर नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तिसऱ्या मजल्यावरच्या सुनयनाचा भाऊ प्रितम नेरुळला हळदीचं साउंड लावतो. त्याला फोन केला. म्हणाला, "ताई, पुढून सगळीच मशिनं नवरदेव दिसतात. मागचा फोटो मागवा. पिना कुठं खुपसतात, काय जळलंय, सगळं मागंच कळतं."

लगेच कोपरखैरणेवाल्याला लिहिलं, "मागच्या बाजूचा फोटो पाठवा."

वाचलं!

१३ सप्टेंबर, शनिवार

ऐरोलीला जाऊन आले. तिथला एक आशुतोष, कंपनीवाला. त्याने तरी उत्तर दिलं होतं: "सॅटर्डे इलेव्हन. कम." म्हणून सुनयनाला घेऊन गेले. मोठा टॉवर. वॉचमननं वर फोन लावला, साहेब उचलेनात. परत लावला, नाहीच. आम्ही दोघी उभ्या. तेवढ्यात दुसरा वॉचमन म्हणतो, "मेड लोग का गेट पीछे है." मी म्हटलं, "हम मेड नहीं, कस्टमर है! और मेड होते तो भी इसी गेट से जाते!" त्याने खुर्ची दिली. बसलो. साहेब काही आले नाहीत.

परत येताना सुनयना म्हणाली, "सोड ना, टेन्शन नको घेऊ." तिला म्हटलं, तू पण ह्यांच्यासारखी नको होऊ.

१४ सप्टेंबर, रविवार

आशुतोषचं उत्तर आलं. एक अंगठा! कशाला वर केलाय देव जाणे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आणखी नग भेटलेत. बेलापूरचे एक रिटायर्ड काका आहेत. त्यांना विचारलं, "स्पीकरसकट देणार का?" तर गुलाबाचं फूल आणि 'शुभ प्रभात'. दुसऱ्या दिवशी विचारलं, "चालू आहे ना?" मोगऱ्याचं फूल, 'शुभ प्रभात'. आज तर सूर्यनारायण पण आला. बागच लावली त्यांनी, पण अ‍ॅम्प्लिफायर काही दिसला नाही.

दुसरा एक म्हणतो, न्हावा शेव्याला कंटेनर सुटलाय, कस्टमचा माल, आधी टोकन टाका. मी म्हटलं, "आधी तुझा चेहरा टाक." गेला पळून.

हे जेवताना ऐकून हसत होते. मी म्हटलं, "हसा. तुम्हाला हसायला बरं जमतं, मीटिंगमध्ये पण जमलं होतं."  भात तसाच ठेवून उठले. वाईट वाटलं, पण बोलले ते खरंच बोलले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज त्या कोपरखैरणेवाल्याला सरळ लिहिलं. त्याचं नाव पण नाही धड, 'साउंड लव्हर' असं ठेवलंय. कसला लव्हर! शब्द असे होते:

"भाऊ, विकायचा नसेल तर नाही म्हणा. विकला असेल तर विकला म्हणा. 'नाही' म्हणायला वीज जात नाही. आम्हाला म्हाताऱ्या बाईसाठी पाहिजे. मी इथंच राहते, पायी येऊन घेऊन जाईन. फक्त मागचा फोटो पाठवा. उज्वला पार्टे."

नावानिशी लिहिलं. भीती कुणाची आहे?

सुनयना म्हणत होती, "पुरुषाचं नाव टाक, उत्तर येईल. बाई बघून भाव देत नाहीत ते." मी साफ सांगितलं: घेईन तर माझ्या नावानं. महिला मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आणि मिशी लावून जायचं? शोभतं का ते!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ब्लॉक केलं. मला! ब्लॉक!

२० सप्टेंबर, शनिवार

रात्रभर तळमळले नाही, उगाच कशाला खोटं लिहू. मस्त झोपले. पण सकाळी मशीनवर बसले आणि एका ब्लाउजला दुसऱ्याच ब्लाउजची बाही जोडली. उसवत बसले. उसवता उसवता विचार करत होते की मी त्याचं काय घोडं मारलंय? शिवी दिली नाही. भाव पाडला नाही. फोटोच मागितला ना? तो ऐरोलीचा विसरला, बेलापूरचे काका फुलांत रमले, ते समजतं. हा मात्र प्रत्येक वेळी वाचतो, आणि वाचून गप्प बसतो. वर दार पण लावून घेतलं.

खाली कुलदीपराव भेटले. स्कूटरवर. "काय वहिनी, मिळाला का अ‍ॅम्प्लिफायर?" मी म्हटलं, "मिळेल." म्हणाले, "कशाला एवढी धावपळ? टाळ्या वाजवून म्हणा गाणी. आपली परंपरा आहे." मी म्हटलं, "परंपरा आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही गणपतीला भाड्याने डीजे आणलात तेव्हा कुठं गेली होती?" स्कूटर चालू केली आणि निघाले. पेट्रोल पंपावर जायचंय म्हणे.

हे मागे उभे होते पिशवी घेऊन. मला वाटलं आता 'जाऊ दे' येणार. तसं काही म्हणाले नाहीत. जिना चढताना फक्त एवढंच, "तू भीत नाहीस कुणाला." कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. बाळाबाईंना साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. त्यांनी गाण्यांची उजळणी सुरू केलीय, खिडकीशी बसून, एकट्याच. आवाज इतका बारीक की कुकरच्या शिट्टीत बुडून जातो. मला बघून थांबल्या. "मशीन आलं का गं?"

"येतंय," म्हटलं.

कुठून येतंय? पनवेलवाला 'फक्त सिरियस गिऱ्हाईक' असं लिहितो आणि मी सिरियस असल्याचं दोनदा कळवलं तरी ढिम्म. दुसरा एक म्हणतो स्पीकर फाटलाय पण आवाज छान आहे.

आज थोडी रडले. राग आला की मला रडू येतं, लोकांना वाटतं हरली. हरले नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

मंडळाच्या बायका जमल्या. एकजण म्हणाली, राहू दे माइक, कशाला हट्ट. मी म्हटलं, ज्या दिवशी बाळाबाई जातील त्या दिवशी तुम्हीच टेम्पोमागे रडत उभ्या राहणार. आत्ता चार गाणी ऐकून घ्या की नीट!  मग सुनयना म्हणाली, "प्रितमलाच सांगते. तो त्याच्या धंद्यासाठी असली मशिनं घेतोच. त्याने त्याच्या नावानं विचारलं तर खोटं थोडंच होतं?"

विचार केला. खरंच, खोटं नाही ते. पण शेवटी पैसे मी देणार, हातात मी घेणार. एवढी अट घातली. 'साउंड लव्हर'चं पान प्रितमला दाखवलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

एका मिनिटात उत्तर! एका मिनिटात!! प्रितमनं 'आहे का' विचारलं आणि त्याला लगेच, "हां भाई, है ना. एकदम चालू कंडिशन. नेरुळ से आओगे? कब आओगे?" भाई म्हणे! मी पंधरा दिवस 'भाऊ भाऊ' करतेय ते काय भिंतीला?

अंगाची लाही लाही झाली. बाई म्हणून? की माझं तोंड फटकळ म्हणून? की इथल्याच माणसाला विकायचं नाही आणि नेरुळच्याला विकायचं आहे, असं काही? असं कशाला असेल?

प्रितमला म्हटलं, किमतीचं बोलू नको, आधी मागचा फोटो माग. मला जळका नकोय.

ह्यांनी विचारलं, "काय झालं?" सांगितलं सगळं. आज टीव्ही बंद करून ऐकलं. "बघ, येईल," म्हणाले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

फोटो आला. मागची बाजू. जळकं काही नाही. सॉकेटच्या वर पिवळा ऑइलपेंट: 'कै. कोंडिबा पार्टे यांच्या स्मरणार्थ'. 'स्म' दोनदा गिरवलेला.

ऑफिसची किल्ली एकट्या कुलदीपरावांकडे असते.

ह्यांच्यापुढे मोबाईल धरला. फोटो मोठा करून बघितला, बोटानं तो 'स्म' पुसल्यासारखा केला. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे.

प्रितमला कळवलं: घेतो म्हण. पत्ता विचारू नको, आम्हाला माहीत आहे.

हे उठले. बनियनवर शर्ट चढवला, चपला पायात सरकवल्या. "माइक पण त्याच्याकडंच असंल," म्हणाले. "चल."