योवानाच्या गोळ्या

८ जून
आज योवानाला परत फिट आली. नाचाच्या तालमीत, सगळ्या पोरींसमोर. चार वर्षं एकही नव्हती, आणि आता लागोपाठ. जीभ चावली तिने. कसंबसं घरी आणलं.
"गोळी घेतेस ना?" विचारलं.
"आई, रोज घेते गं. तूच तर हातावर ठेवतेस."
ठेवते खरी. गिळते की नाही, ते कुठे बघते? गोळीने झोप येते म्हणून कंटाळली होती मागे. थुंकत असेल का?

९ जून
तोंड उघड, जीभ वर कर – असं करून गिळायला लावली. नुसती बघत राहिली माझ्याकडे.

१५ जून
माझ्या डोळ्यांदेखत गिळतेय, तरी आज शेगडीपाशी पडली. शेंगदाण्याचं सूप सगळं सांडलं. पोळली नाही, हे नशीब.
मग खोटं कोण बोलतंय?
गावच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "पोर वाढतेय. डोस पुरत नसेल. दुप्पट करा." आबेलिनोकाकांच्या औषधाच्या दुकानात गेले. डबी नेहमीचीच ना, विचारलं.
"तीच गं एरमिंदा. नाव तेच, रंग तोच. उलट स्वस्त मिळाली, तुझंच भलं."

२ जुलै
दुप्पट घेऊनही येतातच. शेजारीण म्हणाली, धरणीमाय रुसलीय, तिला धूप घाल. घातला. कोकाची पानं वाहिली. काही कळेनासं झालंय.

११ जुलै
रेमबेर्तो ट्रक घेऊन ला पासला गेला होता. मोठ्या दुकानातून गोळ्या आणल्या. भाऊ असावा तर असा. दोन्ही डब्या शेजारी ठेवून किती वेळ बघत बसले – फरक दिसेना. आजपासून या.

१४ जुलै
फिट नाही. पण ही काय तऱ्हा? भिंत धरून चालते. सकाळी ओकली.
"आई, मला दोन आया दिसतायत. एकच पुरे होती मला."
हसले मी. मग हसू येईना.
रेमबेर्तोला म्हटलं, तुला गंडवलं रे, या खोट्या आहेत. तो भडकला. "मग दे तिला आबेलिनोच्याच!"
त्याच दिल्या.

१६ जुलै
तोल सुधारला. ओकारी थांबली. म्हणजे माझंच बरोबर होतं. की नव्हतं?

१८ जुलै. कोचाबांबा
काल फिट थांबेचना. रेमबेर्तोने ट्रकमध्येच घातली तिला. मोठ्या इस्पितळात आहोत. अजून बेशुद्ध. दोन्ही डब्या डॉक्टरांनी तपासायला नेल्या.

२० जुलै
शुद्धीवर आली. पाणी मागितलं.

२६ जुलै
डॉक्टरांनी बोलावून सांगितलं. ला पासच्या गोळ्या खऱ्या. दुप्पट दिल्या म्हणून त्या अंगावर आल्या. आबेलिनोकडच्यात औषध नावापुरतंच.
"पण खऱ्यांनीच तर ती आजारी पडली," मी म्हटलं.
त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. डोक्यात शिरायला वेळ लागला. खोटी ती दुप्पट केली काय नि चौपट. आणि पोर पहिल्यापासून गोळी घेत होती.
योवानाला सांगितलं. "मग आता जीभ वर करायची नाही ना?" एवढंच म्हणाली.

२८ जुलै
गावी जाऊन आले. आबेलिनोचं दुकान बंद. आठवडाभर बंद आहे म्हणे. पळाला, सगळे म्हणतात. फाटकावर लाथा घातल्या मी. तोंडाला येईल ते बोलले. रस्ता बघत होता.

२९ जुलै
आबेलिनोकाका पळाले नाहीत. इथेच आहेत, इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर. रक्तदाब चढून डोक्यात रक्त साकळलं, अर्धं अंग गेलंय. त्यांची बायको जिन्यात भेटली. रडून डोळे सुजलेले.
"गोळी रोज घेत होते गं. आपल्याच दुकानातली. कधी चुकवली नाही. आता इथले डॉक्टर कुठली देतात कोण जाणे, म्हणून मी घरनं त्यांची आणलीय. लपवून देईन."
शालीखालची डबी दाखवली.
मी ती तिच्या हातातून घेतली. ती मागत राहिली. मी दिली नाही.