कँटीनमधली शपथ

वॉटरफोर्ड, गुरुवार

प्रिय मृणालिनी,

इंजेक्शनांच्या शीतखोलीचा अलार्म बंद करायला तुझ्या दिलीपनेच सांगितलं होतं. आज दुपारी देखभालीच्या शेनने ते कबूल केलं आणि फोनवरचा मेसेज दाखवला. ‘पाहुण्यांसमोर ही पिरपिर नको, बंद ठेवा.’ खाली शेनचं उत्तर, ‘ग्रँड’, म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’. त्या दिवशी दिलीप अमेरिकेच्या साहेबांना कारखाना दाखवत होता. अलार्म आधी दोनदा उगाच वाजला होता. मग खोली खरंच तापली, आणि अकरा रुग्णांना तिथली इंजेक्शनं बाधल्यावर आम्हाला कळलं.

दिलीप खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. तो विसरला होता. असले हुकूम तो दिवसाला पन्नास देतो. चौकशी माझ्याकडे देऊन त्याने कँटीनमध्ये सगळ्यांसमोर शपथ घेतली, की ज्याने हे केलं तो माझा सख्खा भाऊ असला तरी गेटबाहेर जाईल. मी म्हटलं, आधी नोंदी बघू दे, मग शपथा घे. तो म्हणाला, सुरेखा, तू जन्माची घाबरट.

अलार्म बंद केल्याची वहीतली सही शेनच्या हाताखालच्या अभिजितची होती. मला वरून सांगितलं, एवढंच तो म्हणत राहिला. “वरून म्हणजे कुठून, आकाशातून?” दिलीपने विचारलं. लोक हसले. मीही हसले, मृणाल. माझी चौकशी पुरी व्हायच्या आत अभिजितची नोकरी गेली, आणि आयर्लंडमध्ये राहायचं परमिट त्या नोकरीवरच होतं. मंगळवारी तो, सुरुची आणि दोन्ही मुली नागपूरला गेले. घरातला सोफा फुटपाथवर ठेवलाय, कुणी न्यावा म्हणून.

गेल्या हिवाळ्यात तू वाचनालयात ग्रीक शोकांतिकांवर बोललीस. दिलीप पहिल्या रांगेत होता. इतकी माणसं सांगताहेत, तर हा मूर्ख राजा ऐकत का नाही, असं त्याने विचारलं होतं. तू म्हणालीस, कारण आजवर न ऐकूनच तो जिंकत आलाय. मला तेव्हा ते नुसतं चतुर वाटलं. कारखाना बंद होणार असं सगळे म्हणत होते, तेव्हा कुणाचंही न ऐकता त्याने तो वाचवला. माझ्या नोकरीसाठीही तो असाच हटून बसला होता. ज्या हट्टाचं आपण कौतुक केलं, तोच हा हट्ट आहे. त्याला त्यातून बाहेर काढायचं कसं, मला कळत नाही.

संध्याकाळी मी त्याला मेसेज दाखवला. म्हटलं, तूच जाऊन सांग, अजून वेळ आहे. त्याने वाचला, फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, खुर्ची हवी आहे ना तुला?

फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून पत्र तुझ्या दारातून आत टाकते आहे. उद्या नऊला माझा अहवाल जाईल. दहाला त्याला बोलावतील, दुपारपर्यंत गेटचं कार्ड काढून घेतील. तो घरी येईल आणि सांगेल, सगळे माझ्यावर उठलेत, सुरेखासुद्धा. आपण दोघींनी आजवर त्याला होच म्हटलंय. उद्या तू म्हणू नकोस.

तू मानलंस तर तुझीच,
सुरेखा