नकाशातला घाट

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज शाळेच्या स्टाफरूममध्ये नव्या वैशाली मॅडमनं नागपूरचा जुना नकाशा दाखवला. नाग नदीची निळी रेघ, काठाशी बारीक अक्षरांत ‘घाट’. काय त्या टाळ्या! मी इतकी वर्षं हेच सांगत आले, तर याच सगळ्या बाया हसायच्या, “नदी कुठली वं, नाला आहे तो.” हिच्या कागदावर आलं की खरं?

मग तिनं मलेच विचारलं, “ताई, हा घाट आठवते का तुम्हाले?”

“नाही,” म्हटलं मी. तिचं तोंड पडलं. बरं वाटलं मले. घरी येईपर्यंत.

आई त्याच घाटावर धुणं धुवायची. बादली उचलून म्हणायची, “नदीवर जाऊन येतो वं.” नाला कधीच म्हणाली नाही.

आज तिलेच नाही म्हणून आले मी.