रुद्रम्माकाकूंचं वाळवण

१९ एप्रिल, लोहारा
एम.एस्सी. हवामानशास्त्र, फर्स्ट क्लास. तालुक्यात असा मी एकटाच. चौकशी केलेली नाही, पण असणारच. आण्णा म्हणाले, अक्षय तृतीयेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, न्हायतर मामाच्या खताच्या दुकानात बस. अकरा दिवस लई झाले. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

२० एप्रिल, सकाळी ९.४०
उठलो. पुण्याच्या एका ॲप कंपनीचा मेल आलाय. पाच दिवस रोज सकाळी सातला गावाचा अंदाज पाठवायचा, बरोबर आले तर नोकरी. म्हणजे घरचंच कार्य. शेजारच्या रुद्रम्माकाकूंना नोकरी लागली म्हणून सांगून टाकलं.

२१ एप्रिल
पाठवलं: कोरडं. काकूंनी आभाळ बघितलं, गुडघा चोळला आणि माळवदावर, म्हणजे घराच्या धाब्यावर, वाळत घातलेले पापड खाली नेले. मला हसू आलं. अडीचला गारा. अपवाद.

२२ एप्रिल
हवामानाची तिन्ही मॉडेल पाऊस दाखवतात. पाठवलं: मुसळधार. काकूंनी सांडगे घातले, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळले. पाऊस पडलाच असणार, वरच्यावर सुकला. शास्त्रात असं होतं.

२३ एप्रिल
मॉडेल उघडण्याआधी खिडकी उघडली, हवेसाठी. समोर काकूंचं माळवद रिकामं. पाठवलं: पाऊस. आला. अभ्यास वाया जात नाही.

२५ एप्रिल
सलग तिसरा अंदाज बरोबर. खिडकीचा काही संबंध नाही.

२६ एप्रिल
कंपनीच्या निकिता मॅडमचा फोन. पहिले दोन चुकले, नंतर एकदम काय बदललं, असं विचारत होत्या. म्हटलं, स्थानिक उपकरण. बघायला येते म्हणाल्या.

२८ एप्रिल
मॅडम आल्या. उपकरण कुठंय म्हणाल्या, मी घाबरून खिडकीकडं बोट केलं. दोन तास काकूंजवळ बसल्या, सांडगे खाल्ले. माझी मुलाखत चहा पिताना झाली असावी.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
ऑर्डर आली. काकूंच्या नावानं. त्यांना मोबाईल चालवता येत न्हाय, म्हणून हाताखाली एक माणूस नेमायचाय. तो काकूच निवडणार. मला उद्या पहाटे पाचला बोलावलंय. मला वाईट वाटलं, रात्री जेवण गेलं नाही. पण शेजारधर्म आहे, मीच लागणार.

१ मे, सकाळी ८.५०
उठलो. काकूंनी सातपर्यंत वाट बघितली म्हणे, मग नातीला, रोहिणीला, कामाला लावून घेतलं. ती नववीत आहे. सुट्टीपुरतंच, असं आई म्हणाली. आण्णांनी मामाच्या दुकानाची किल्ली पुढं केली.
बाहेर कडक ऊन. मोबाईलवरही ऊनच. निघताना काकूंच्या माळवदाकडं नजर गेली. रिकामं होतं.
परत आत गेलो आणि छत्री घेतली.